फुकट वाङ्मयाचें मोल

सरस्वती आणि लक्ष्मी एका घरीं नांदत नाहींत, ही म्हण आमच्या समाजांत इतकी जुनी व इतकी प्रिय आहे कीं, ती खरी आहे किंवा नाहीं याचा विचार करण्याची गरज कोणासच वाटत नाहीं. अलीकडे आंतरजालाच्या कृपेनें या जुन्या म्हणीस नवें बळ आलें आहे. कथा, कविता, कादंबरी, निबंध, परीक्षण, जें जें म्हणून लेखणींतून उतरतें तें तें सर्वांस सर्वकाळ विनामूल्य मिळावें, आणि जो लेखक त्याचें मोल मागेल तो कोता, लोभी, व्यापारी वृत्तीचा समजावा, असें एक मत सुशिक्षितांत दृढ होत चाललें आहे. हें मत आम्हांस चुकीचें वाटतें. इतकेंच नव्हे, तर मराठी वाङ्मयास तें घातक आहे असें आमचें स्पष्ट म्हणणें आहे. तें कां, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक घरचाच प्रसंग सांगतों. आमच्या आप्तमंडळींचा व्हॉट्सॲपवर एक समूह आहे. डॉक्टर, इंजिनियर, बँकेंतील अधिकारी, सेवानिवृत्त शिक्षक अशीं चांगलीं शिकलेलीं व खाऊनपिऊन सुखी माणसें त्यांत आहेत. गेल्या वर्षीं आमच्या एका आतेभावानें नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या एका मराठी कादंबरीची संबंध पीडीएफ प्रत तेथें पाठविली, आणि खालीं लिहिलें, "अवश्य वाचा, फार सुंदर आहे." घटकाभरांत वीस-पंचवीस जणांनीं हात जोडले, फुलें वाहिलीं, धन्यवाद दिले. हे धन्यवाद कोणास? तर पाठविणाऱ्यास! जिनें ती कादंबरी चार वर्षें खपून लिहिली तिचें नांव घेण्याचें एकासही सुचलें नाहीं. कादंबरीची किंमत साडेतीनशें रुपये होती. त्याच आठवड्यांत यांपैकीं दोन कुटुंबें चित्रपटास गेलीं होतीं, आणि मध्यंतरांत मक्याच्या लाह्यांवर त्याहून अधिक पैसे खर्चून आलीं होतीं.

अशा प्रकारास चोरी हें एकच नांव आहे. कायदा त्याविरुद्ध आहेच, व सद्सद्विवेकही आहे; त्याविषयीं अधिक लिहून कागद खर्च करण्याची आमची इच्छा नाहीं. आमचा आजचा वाद चोराशीं नसून दात्याशीं आहे. जो लेखक आपखुषीनें आपलें सर्व लेखन आंतरजालावर फुकट ठेवितो, आणि तसें न करणाऱ्यांकडे किंचित् तुच्छतेनें पाहतो, त्याच्याशीं आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. चोराला आपण चोर आहों हें निदान मनांतून ठाऊक असतें. दात्यास आपल्या दानानें कोणाची भाकरी जाते हें ठाऊकही नसतें.

आम्हांसही तें ठाऊक नव्हतें. कारण या दात्यांच्या पंक्तींत आम्ही स्वतः दहा-बारा वर्षें बसलों होतों. महाविद्यालयांतील नोकरी, पहिल्या तारखेस न चुकतां मिळणारा पगार, पुढें निवृत्तिवेतनाची खात्री, अशा स्थितींत आम्हीं आपले निबंध, परीक्षणें व कांहीं अनुवाद आंतरजालावर विनामूल्य ठेविले, आणि एखाद्या संपादकानें भीत भीत मानधनाचा विषय काढिला, तर "छे, छे, त्याची काय गरज!" असें म्हणून एक प्रकारचा सात्त्विक आनंद उपभोगिला. दोन वर्षांपूर्वीं आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटावयास आली. अनुवाद, मुद्रितशोधन व लेखन यांवरच तिचा चरितार्थ चालतो. एका नियतकालिकानें तिच्याकडे लेख मागितला, तेव्हां तिनें मानधन किती मिळेल असें विचारलें. उत्तर आलें, "तुमचे सर आम्हांला फुकट देतात, मग तुम्हांला पैसे कशासाठीं द्यायचे?" हें सांगतांना ती हंसली, आम्हांस मात्र हंसतां आलें नाहीं. आमचें दान आमच्या खिशांतून जातच नव्हतें; तें तिच्या खिशांतून जात होतें. दहा-बारा वर्षें आम्हीं मिरविलेल्या औदार्याची रक्कम कोण भरीत होतें, तें त्या दिवशीं प्रथम आमच्या ध्यानीं आलें.

हें एकदां ध्यानीं आल्यावर विनामूल्यवाद्यांच्या युक्तिवादांकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों. त्यांचा पहिला आधार परंपरेचा. विद्या विकूं नये, काव्य ही ईश्वरी देणगी आहे, तिचा बाजार मांडूं नये. तुकोबांनीं तर हरिकीर्तन करून द्रव्य घेणाऱ्यांची कठोर निर्भर्त्सना केली आहे, असें हे लोक सांगतात. तुकोबांनीं कीर्तनाचे पैसे घेतले नाहींत हें खरें. पण तें त्यांचें व्रत होतें, आणि त्याची जबर किंमत त्यांनीं व त्यांच्या कुटुंबानें स्वतः मोजली. व्रत हें ज्याचें त्यानें आपल्यापुरतें करावयाचें असतें. एकादशी आपण करावी. शेजाऱ्याच्या ताटांतला भात काढून घेऊन त्यास पुण्य घडलें असें सांगूं नये.

शिवाय, विद्या न विकणाऱ्या त्या काळच्या शास्त्रीपंडितांच्या घरीं चूल कशी पेटत असे, याचीही चौकशी परंपरेच्या अभिमान्यांनीं करावी. त्यांस इनामें होतीं, वर्षासनें होतीं. श्रावणमासांत पेशवे पुण्यास दक्षिणा वांटीत. पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारनें ती दक्षिणा कांहीं अंशीं चालू ठेविली, आणि पुढें १८५१ सालीं त्याच द्रव्यांतून मराठी ग्रंथांस बक्षिसें देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. म्हणजे विद्या विकली जात नव्हती हें जितकें खरें, तितकेंच ती फुकट मिळत नव्हती हेंही खरें. तिचें मोल वाचकाऐवजीं राजा देत असे, एवढाच काय तो फरक.

आणि हा फरक लहान नाहीं. मोल देणारा राजा असला कीं लेखणी राजाची होते. मोल देणारा वाचक असला तरच ती लेखकाची राहते. इंग्लंडांत डॉक्टर जॉन्सन यांनीं पुस्तकविक्रेत्यांनीं दिलेल्या पैशावर आपला कोश पुरा केला, आणि आयत्या वेळीं आश्रयदाता म्हणून मिरवूं पाहणाऱ्या लॉर्ड चेस्टरफील्ड यांस १७५५ सालीं पत्र लिहून तो आश्रय नाकारला. ताठ मानेनें असें पत्र लिहावयास आधीं पोटाची सोय असावी लागते, आणि ती सोय एखाद्या उमरावानें नव्हे, तर पुस्तकाच्या व्यापारानें केली होती. आमच्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं निबंधमाला काढिली, ती वर्गणीदारांच्या बळावर. पांच वर्षांनीं त्यांनीं सरकारी नोकरी सोडली, आणि छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचें दुकान असे उद्योग आपल्या मंडळींसह उभारिले. लेखणीचें स्वातंत्र्य टिकवावयाचें तर तिच्या पाठीशीं स्वतःचा व्यापार हवा, हें त्या पुरुषानें ओळखिलें होतें. त्याच्या देशाभिमानाची पारायणें करणारे आम्ही त्याचा हा व्यवहार मात्र सोयीस्करपणें विसरलों.

आज वाचकानें मोल देणें सोडिलें, तर तें कोणीच देणार नाहीं असें नव्हे. जाहिरातदार देईल, एखादी कंपनी देईल, एखादा राजकीय पक्ष देईल. फुकट मिळणाऱ्या लेखाच्या मागें पुष्कळदां असा कोणी तरी उभा असतोच. आणि तो कांहीं निष्काम कर्मयोगी नसतो. तेव्हां विनामूल्यतेनें आपण लेखकास बाजारांतून सोडवितों असें समजणारे लोक त्याला पुन्हां दरबारांत नेऊन उभे करीत आहेत. पूर्वींच्या दरबारीं निदान रसज्ञ पंडितांची पारख होती. या नव्या दरबारीं किती लोकांनीं बोट लाविलें याची केवळ मोजदाद आहे.

परंपरेचा आधार सुटला म्हणजे थोर पुरुषांचा आधार घेतला जातो. टॉल्स्टॉय यांनीं १८९१ सालीं आपल्या १८८१ नंतरच्या लेखनावरील हक्क सोडून दिले, हें प्रसिद्धच आहे. परंतु ते यास्नाया पोल्याना येथील जमीनदार होते. आणि १८८१ पूर्वींच्या ग्रंथांचे हक्क त्यांच्या पत्नीकडे राहिले, त्यांच्या उत्पन्नावर त्या मोठ्या कुटुंबाचा गाडा बराचसा चालला. पुढें दुखोबोर नांवाच्या छळ पावलेल्या पंथाच्या लोकांस कॅनडांत नेऊन वसविण्यासाठीं पैसा हवा झाला, तेव्हां याच टॉल्स्टॉय यांनीं आपली 'पुनरुत्थान' ही कादंबरी चांगला मोबदला घेऊन विकली. ती १८९९ सालीं प्रसिद्ध झाली. गांधीजींची गोष्टही अशीच उद्बोधक आहे. १९१० सालच्या 'हिंद स्वराज्या'च्या इंग्रजी आवृत्तीवर त्यांनीं कोणतेही हक्क राखून ठेविलेले नाहींत असें छापिलें होतें. परंतु त्याच गांधीजींनीं १९४० सालच्या मृत्युपत्रान्वयें आपल्या लेखनाचे हक्क नवजीवन संस्थेच्या स्वाधीन केले, आणि २००८ अखेर ते तिच्याकडे राहिले. त्यागाचे हे दोन मेरुमणि. पण शब्दांस मोल आहे, व तें सत्कार्यास लावितां येतें, हें दोघांनींही अखेर मानिलें. आमचे विनामूल्यवादी त्यांच्या चरित्राचा पूर्वार्ध वाचून पुस्तक मिटतात!

दुसरा युक्तिवाद अर्थशास्त्राचा आहे. छापील पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीस कागद लागतो, शाई लागते. आंतरजालावरील प्रतीस कांहींच लागत नाहीं. मग जिला खर्च नाहीं तिची किंमत कां असावी? हा युक्तिवाद ऐकावयास बिनतोड वाटतो. परंतु विहीर एकदां खणून झाल्यावर एक घागर अधिक भरल्यानें विहिरीचें काय जातें? कांहीं नाहीं. म्हणून विहीर खणणाऱ्यास मजुरी देऊं नये काय? घागरीचा खर्च आणि विहिरीचा खर्च हे दोन निराळे खर्च आहेत. आंतरजालानें घागर फुकट केली, विहीर नव्हे. चार वर्षें बसून कादंबरी लिहिणाऱ्या बाईस त्या चार वर्षांचें घरभाडें, किराणा व मुलांची फी यांत कोणी सूट दिलेली नसते.

मराठी विश्वकोश आज कोणासही आंतरजालावर विनामूल्य वाचतां येतो, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु तो फुकट झालेला नाहीं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला, तेव्हांपासूनचा खर्च महाराष्ट्र शासनाच्या तिजोरींतून, म्हणजे तुमच्या-आमच्या करांतून झालेला आहे. विहिरीचे पैसे आधींच चुकते झाले, म्हणून घागर फुकट. एकट्यादुकट्या कवीच्या किंवा कादंबरीकाराच्या पाठीशीं अशी कोणती तिजोरी आहे?

आणि खरोखर पाहूं गेल्यास फुकट वाचन फुकट असतें काय? ज्या मोबाईलवर तें वाचावयाचें तो हजारों रुपयांचा. त्यांतील इंटरनेटचे पैसे महिन्याच्या महिन्यास आगाऊ भरावे लागतात. मजकुराच्या वर-खालीं ज्या जाहिराती नाचतात त्यांचें उत्पन्न कंपनीकडे जातें. यंत्र बनविणाऱ्यास पैसे मिळतात, तार ओढणाऱ्यास मिळतात, जाहिरात दाखविणाऱ्यास मिळतात. ज्याच्या शब्दांसाठीं हा सर्व खटाटोप, तेवढा एक लेखक मात्र साधु व्हावा, अशी सर्वांची अपेक्षा! लग्नांत आचाऱ्यास पैसे, मांडववाल्यास पैसे, वाजंत्र्यांस पैसे, आणि नवरदेवास तेवढा उपवास, असाच हा प्रकार झाला.

तिसरा युक्तिवाद कीर्तीचा. आधीं फुकट द्या. नांव होऊं द्या. मग पैसे आपोआप येतील. याच्या पुष्ट्यर्थ परदेशांतील उदाहरणें दिलीं जातात. कोरी डॉक्टोरो यांनीं २००३ सालीं आपली पहिली कादंबरी आंतरजालावर विनामूल्य दिली, व तरीही त्यांस यश लाभलें. खरें आहे, परंतु त्याच वेळीं तीच कादंबरी एका मातब्बर प्रकाशकानें छापून बाजारांत आणिली होती, आणि ती सर्व जगभर पसरलेल्या इंग्रजी वाचकांसाठीं होती. रेडिओहेड या इंग्रज गायकवादकांनीं २००७ सालीं आपला नवा संगीतसंग्रह 'वाटेल ती किंमत द्या' म्हणून आंतरजालावर ठेविला. पण ते आधींच जगप्रसिद्ध होते, व त्यांच्या जलशांचीं तिकिटें कांहीं फुकट नव्हतीं. उलट अमेरिकेचे लोकप्रिय कादंबरीकार स्टीफन किंग यांनीं २००० सालीं एक कादंबरी हप्त्याहप्त्यानें आंतरजालावर दिली, आणि वाचणाऱ्या शंभरांपैकीं पंचाहत्तर जणांनीं स्वेच्छेनें एक डॉलर दिला तर पुढें लिहीन अशी अट घातली. आरंभीं लोकांनीं पैसे दिले, पुढें देणाऱ्यांचें प्रमाण घटलें, आणि सहाव्या हप्त्यानंतर कादंबरी अपुरीच राहिली. इतक्या नांवाजलेल्या लेखकाची ही कथा, तर आमच्या अकोल्याच्या किंवा कणकवलीच्या नवशिक्या कथालेखकाची काय असेल? ज्याच्यापाशीं दुसरें कांहीं विकावयास आहे त्यालाच एक वस्तु फुकट देणें परवडतें. मराठी कथालेखकापाशीं कथेखेरीज दुसरें काय आहे?

फुकट मालानें स्वदेशी लेखकाची काय दशा होते, याचा धडा इतिहासांत आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८९१ सालापर्यंत परदेशी लेखकास ग्रंथस्वामित्व नव्हतें. इंग्लंडांतून पुस्तक आलें कीं तेथील प्रकाशक लेखकास एक कवडी न देतां तें छापून स्वस्तांत विकीत. डिकन्स यांनीं १८४२ सालीं त्या देशाच्या दौऱ्यांत याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हां तेथील वर्तमानपत्रांनीं त्यांसच लोभी ठरविलें! परंतु या व्यवस्थेंत डिकन्स यांच्याइतकाच, किंबहुना अधिक, बुडाला तो अमेरिकन लेखक. इंग्रजांची उत्तम कादंबरी ज्या प्रकाशकास लेखकाचें देणें न देतां छापितां येते, त्यानें घरच्या नवख्या लेखकास पैसे मोजून कां छापावें? म्हणूनच पुढें अमेरिकन लेखकांनींच कायद्याची मागणी केली, व १८८६ सालीं मार्क ट्वेन यांनीं सिनेटच्या समितीपुढें जाऊन आपलें म्हणणें मांडिलें. आमच्या विद्यार्थिनीस मिळालेलें उत्तर आणि त्या अमेरिकन लेखकांस मिळणारें उत्तर एकच होतें: दुसरा फुकट मिळतो, मग तुला कां द्यावें? फरक इतकाच कीं, तेथें फुकट माल परक्यांकडून लुटून आणिलेला होता. येथें तो आम्ही पगारदार मंडळी हौसेनें पुरवितों.

आतां खरा प्रश्न येतो. लेखणीस मोल उरलें नाहीं, तर लिहावयास कोण उरेल? आम्ही उरूं. प्राध्यापक उरतील, निवृत्त अधिकारी उरतील, ज्यांस दुसरें उत्पन्न आहे असे सर्व हौशी लोक उरतील. आमच्याविषयीं आमचें मत वाईट नाहीं. परंतु केवळ आमच्याच लेखनावर पोसलेलें वाङ्मय कसें होईल याची कल्पना करवत नाहीं. गेल्या शतकांत मराठीची कक्षा ज्यांनीं रुंदाविली ते कोण होते? अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टींत राहून लिहीत; त्यांची 'फकिरा' १९५९ सालीं प्रसिद्ध झाली, आणि १९६९ सालीं ते दारिद्र्यांतच निवर्तले. नारायण सुर्वे गिरणींत राबले. नामदेव ढसाळ टॅक्सी चालवीत. यांस लेखणीनें भरपूर दिलें असें आम्ही म्हणत नाहीं. फार थोडें दिलें, ही आमच्या समाजास लाज आणणारी गोष्ट आहे. परंतु तेंही थोडें काढून घ्यावें, आणि वर त्यास निःस्वार्थ वाङ्मयसेवा असें नांव द्यावें, हा न्याय कोणता? फुकट लिहिण्याचा नियम सर्वांस सारखाच लागू दिसतो; पण तो पाळणें एकास सोपें व दुसऱ्यास अशक्य आहे. असा नियम वाङ्मयाच्या दारावर फळी लावितो, आणि आंत येणाऱ्यास त्याच्या पासबुकावरून पारखितो.

या नियमाचा दुसरा बळी आपल्या घरांतच आहे. कुटुंबवत्सल वाचकांनीं हें नीट ध्यानीं घ्यावें. घरांतील पुरुष संध्याकाळीं दार लावून पैशाचें काम करीत बसला, तर मुलांस गप्प केलें जातें. घरांतील स्त्री कथा लिहावयास बसली, तर "तुझें तें लिहिणें मग कर" असें सहज म्हटलें जातें. कारण त्या लिहिण्याचें कांहीं येत नाहीं, तो तिचा छंद! त्याच कथेचे दोन हजार रुपये जर टपालानें किंवा बँकेंत आले, तर दुसऱ्या दिवसापासून तिच्या टेबलास घरांत मान मिळतो. हें चांगलें कीं वाईट हा प्रश्न निराळा; पण असें आहे. मोल म्हणजे केवळ पैसा नव्हे. मोल म्हणजे लिहिणाराच्या वेळेवर इतरांनीं मान्य केलेला तिचा हक्क.

चौथा युक्तिवाद गरीब वाचकाचा, आणि तेवढाच एक आम्ही गंभीरपणें घेतों. ज्यास साडेतीनशें रुपये देण्याची शक्ति नाहीं त्यानें वाचूं नये काय? अवश्य वाचावें, आणि त्याची सोय लेखकास न बुडवितां करण्याची युक्ति समाजानें फार पूर्वींच शोधून काढिली आहे. तिचें नांव ग्रंथालय. पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचें, मुंबईचें १८९८ सालचें. महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. ग्रंथालय एक प्रत विकत घेतें आणि ती शेंकडों लोक वाचतात; लेखकास त्याचा वाटा मिळतो व वाचकावर भार पडत नाहीं. कायदाही कांहीं निर्दय नाहीं. २०१२ सालच्या दुरुस्तीनें अंध व इतर अपंग वाचकांसाठीं सोयीच्या प्रती काढण्यास मोकळीक दिली. २०१६ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें विद्यार्थ्यांसाठीं पुस्तकांतील भागांच्या छायाप्रती काढणें हा गुन्हा नव्हे असें ठरविलें. आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनीं त्याचें वाङ्मय सर्वांचें होतेंच. साने गुरुजी १९५० सालीं गेले. २०११ सालापासून त्यांचें लेखन कोणासही छापावयास व आंतरजालावर ठेवावयास मोकळें आहे. तेव्हां गरीब वाचकाविषयीं ज्यांस खरा कळवळा आहे त्यांनीं आपल्या गांवच्या ग्रंथालयाचें सभासद व्हावें, त्यास दरवर्षीं चार पुस्तकें द्यावींत. आमच्या आप्तमंडळींच्या समूहांत ती पीडीएफ उघडणारांपैकीं गरीब कोण होता, हें आम्हीं पुष्कळ आठवून पाहिलें. आम्हांस एकही आठवला नाहीं.

मग सर्वच लेखनास किंमत लावावी काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. ज्याचे पैसे समाजानें आधींच दिले आहेत तें समाजास फुकट मिळावें. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांतील संशोधन, शासनानें काढिलेले कोश व ग्रंथ, हक्काची मुदत संपलेलें जुनें वाङ्मय, हें सर्व आंतरजालावर मुक्त असावें. आमचे स्वतःचे संशोधनपर निबंध आम्ही पूर्वींप्रमाणेंच विनामूल्य ठेवणार आहों, कारण त्यांचें वेतन आम्हांस मिळालेलें आहे. एखाद्या लेखकानें आपली एक कथा, कादंबरीचें एक प्रकरण वाचकांस भेट दिलें, तर तोही त्याचा अधिकार आहे. ज्याची वस्तु त्यानें द्यावी. परंतु जें लेखन आम्ही हौसेनें करितों आणि दुसरा कोणी पोटासाठीं करितो, तेथें फुकट देणें हें दान नव्हे; तें एक प्रकारें संप मोडणें होय. गिरणींत संपाच्या काळीं फुकट राबावयास आलेल्या माणसास आपण उदार म्हणत नाहीं.

कोणी म्हणेल, "म्हणजे शेवटीं प्राध्यापकमहाशयांस पैसेच हवेत!" या आक्षेपाची आम्हांस कल्पना होती, आणि त्याचें उत्तर देण्यास लाज वाटत नाहीं. होय, यापुढें प्रत्येक ललित लेखाचें व परीक्षणाचें मानधन आम्ही मागणार आहों, प्रस्तुत लेखाचेंही मागितलें आहे. आम्हांस त्याची गरज नाहीं, म्हणून तें आम्ही गांवच्या ग्रंथालयास मराठी पुस्तकें घेण्यासाठीं देऊं. परंतु आधीं घेऊं आणि मग देऊं. पैसे घेऊन दान केलें तर तें आमच्या खिशांतून जातें. न घेतां केलें तर तें दुसऱ्याच्या. हा सूक्ष्म भेद समजावयास आम्हांस दहा-बारा वर्षें लागलीं. वाचकांस इतका वेळ लागूं नये.

वाचकहो, आमचें मागणें फार मोठें नाहीं. ज्या मराठीच्या अभिमानाचीं भाषणें आपण ऐकतों व करितों, तिच्यासाठीं वर्षांतून दोन-चार पुस्तकें, एक दिवाळी अंक व एका मासिकाची वर्गणी एवढा खर्च मध्यम स्थितींतील कुटुंबास जड नाहीं. १९०९ सालीं 'मनोरंजना'नें दिवाळी अंकाची प्रथा पाडली, ती आजवर टिकली याचें श्रेय जितकें लेखक-संपादकांचें तितकेंच दर वर्षीं पैसे मोजून अंक घरीं आणणाऱ्या आपल्या आजी-आजोबांचें आहे. त्यांचें उत्पन्न आपल्याहून अधिक नव्हतें.

त्या समूहाचें पुढें काय झालें तें सांगून हा लेख संपवितों. आम्हीं त्या पीडीएफच्या खालीं कादंबरीची किंमत, प्रकाशकाचा पत्ता आणि 'प्रत विकत घेऊन वाचावी' एवढें एक वाक्य लिहिलें. कोणी हात जोडले नाहींत, फुलें वाहिलीं नाहींत. दोन दिवस समूहावर शुकशुकाट होता, आणि आमचा तो आतेभाऊ आम्हांवर बरेच दिवस रुसला होता. परंतु पुढच्या महिन्यांत आमच्या एका भाचीनें पुस्तक मागविल्याचें कळविलें, मग एका साडूंनीं, मग आणखी एकानें. पांचपन्नासांत तिघे. प्रमाण अगदींच थोडें आहे, हें आम्ही जाणतों. पण त्या तीन प्रतींचें मोल मात्र त्या लेखिकेच्याच घरीं गेलें.